बजावणीचा शेरा

कोर्टाच्या कचेरीत नोकरी केलेला माणूस वॉरंट हातात आलं की हुकूम नंतर वाचतो, आधी बजावणीचा शेरा वाचतो. हुकूम न्यायाधीशाचा असतो आणि त्याची भाषा ठरलेली असते. शेरा बेलिफाचा नाहीतर पोलिसाचा. हुकमाचं प्रत्यक्षात काय झालं ते तिथे कळतं. 'इसम मिळून आला नाही', 'घरास कुलूप', 'नोटीस पंचांसमक्ष दारावर डकवली'. माझी नोकरी असे शेरे वाचण्यात आणि नोंदवहीत चढवण्यात गेली. व्हर्जिनिया विद्यापीठाने अमेरिकेतल्या सेलमच्या चेटकाच्या खटल्यांची कागदपत्रं संगणकावर सगळ्यांना खुली करून ठेवली आहेत. त्यातलं १६९२ सालचं एक वॉरंट वाचायला घेतलं, तेव्हा नजर सवयीने शेऱ्यावर गेली. शेऱ्यात खाडाखोड होती.

कागद ब्रिजेट बिशप नावाच्या बाईच्या फाशीचा आहे. मुक्काम बॉस्टन, तारीख ८ जून १६९२. खाली सही विल्यम स्टोटनची. मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्लंडच्या राजाराणीच्या अमलाखालचा प्रांत होता आणि सेलमच्या चेटकाच्या खटल्यांसाठी गव्हर्नर विल्यम फिप्सने खास न्यायालय नेमलं होतं. स्टोटन त्याचा मुख्य न्यायाधीश. एसेक्स परगण्याचा शेरीफ जॉर्ज कॉर्विन याला त्याने फर्मावलं आहे की, येत्या शुक्रवारी, १० जूनला, सकाळी आठ ते बाराच्या दरम्यान सदर ब्रिजेट बिशपला सेलमच्या तुरुंगातून वधाच्या जागी सुरक्षित न्यावं, मरेपर्यंत गळफास द्यावा, आणि केल्या कामाचा अहवाल कोर्टाच्या कारकुनाकडे पाठवावा. कसूर झाल्यास जबाबदारी शेरीफची.

शेरीफने कसूर केली नाही. हुकमाप्रमाणे बाईला तुरुंगातून ताब्यात घेतलं, जागेवर सुरक्षित पोचवलं, मरेपर्यंत फाशी दिलं, असं त्याने लिहिलं. पुढे 'आणि त्याच जागी पुरलं' असंही लिहिलं होतं. मग त्या शब्दांवर रेघ ओढली. रेघेखालचे शब्द आजही वाचता येतात.

का खोडले असतील? हुकमात पुरण्याचा उल्लेख नव्हता. हुकूम जेवढा, अहवाल तेवढाच. त्याबाहेरचं लिहिलं तर उद्या कोणी विचारेल की हे तुला कोणी सांगितलं होतं. माझा तरी असाच समज आहे, आणि कचेरीत बसलेल्या कोणालाही दुसरं कारण सुचणार नाही. कॉर्विनने तिशीही गाठलेली नव्हती. ज्या दोघा दंडाधिकाऱ्यांनी ब्रिजेटची पहिली चौकशी केली, त्यांतला एक, जोनाथन कॉर्विन, हा त्याचा काका. एका बाईला त्याने स्वतःच्या देखरेखीखाली मारलं, पुरलं, आणि कागदावर बसल्यावर त्याला काळजी वाटली ती वाक्य हुकमाशी जुळतंय की नाही याची. त्या एका रेघेने मला जितकं अस्वस्थ केलं, तितकं सेलमवरच्या कुठल्याही वर्णनाने केलं नव्हतं.

ब्रिजेट बिशप सेलम शहरात राहायची. तिचं हे तिसरं लग्न. नवरा एडवर्ड बिशप लाकूड चिरणारा. दुसरा नवरा थॉमस ऑलिव्हर याच्याशी तिचं पटत नव्हतं, आणि ते भांडण चव्हाट्यावर गेलं होतं. एकदा त्या दोघांना भर बाजारात, तोंडात बोळा घालून, कपाळावर गुन्ह्याचा कागद लावून उभं करण्याची शिक्षा झाली. ऑलिव्हरच्या मुलीने दंड भरून बापाला सोडवलं. ब्रिजेटसाठी कोणी पैसे भरल्याची नोंद नाही. पुढे चेटकाचा आळही तिच्यावर एकदा येऊन गेला होता आणि त्यातून ती सुटली होती. म्हणजे १६९२ साली सेलम गावातल्या मुलींना झटके येऊ लागले आणि नावं घेतली जाऊ लागली, तेव्हा हे नाव आधीच लोकांच्या जिभेवर होतं.

१९ एप्रिलला तिला चौकशीसाठी सेलम गावात आणलं. शहर वेगळं, गाव वेगळं. मध्ये काही मैलांचं अंतर. ती म्हणाली, या माणसांना मी कधी पाहिलेलं नाही, या जागी मी कधी आलेले नाही. मुली मात्र तिने नजर टाकली की कोसळायच्या, तिने मान वळवली की त्यांच्या माना वळायच्या. दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न तिला घोळात घेत होता. ती म्हणाली, चेटकीण म्हणजे काय हेच मला माहीत नाही. त्यावर त्याने विचारलं, मग तू चेटकीण नाहीस हे तुला कसं माहीत? तिला प्रश्नच कळला नाही, आणि तसं तिने सांगितलंही. या उत्तरात मला लबाडी दिसत नाही. ज्या प्रश्नाला निर्दोष माणसाकडे उत्तरच असू शकत नाही, तो प्रश्न ऐकून गोंधळलेली बाई दिसते.

वॉरंटमध्ये गुन्ह्याचं वर्णन आहे. अ‍ॅबिगेल विल्यम्स, धाकटी अ‍ॅन पुटनम, मर्सी लुईस, मेरी वॉलकॉट आणि एलिझाबेथ हबर्ड या पाच अविवाहित मुलींच्या शरीरांवर चेटूक करून त्यांना पीडा दिली, हा तो गुन्हा. त्याची तारीख १९ एप्रिल. 'आणि त्याआधी व नंतरही वेळोवेळी' अशी पुस्ती जोडली आहे, पण नेमकी तारीख एकच, १९ एप्रिल. तारीख वाचल्यावर मी मागे जाऊन चौकशीचे कागद पुन्हा काढले. चौकशीचा दिवस आणि गुन्ह्याचा दिवस एकच आहे. म्हणजे आरोपी पहाऱ्यात उभी होती, समोर दंडाधिकारी बसले होते, लिहून घेणारा लिहीत होता, आणि गुन्हा त्या खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत घडला असं न्यायालयाने धरलं. आरोपीने काही केलं याचा पुरावा एवढाच की मुली तडफडल्या. आजच्या कुठल्याही कोर्टात पहिल्या तारखेलाच वकिलाने यावर बोट ठेवलं असतं. तिथे आरोपीला वकील नव्हता. आणि न्यायासनावर बसलेल्यांपैकी एकही जण कायदा शिकलेला नव्हता.

२ जूनला खटला उभा राहिला. जॉन ब्लाय आणि त्याचा मुलगा यांनी सांगितलं की, ब्रिजेट पूर्वी राहायची त्या घराच्या तळघराची भिंत पाडताना त्यांना चिंध्यांच्या आणि डुकराच्या राठ केसांच्या बाहुल्या सापडल्या, त्यांत बिनडोक्याच्या टाचण्या, टोकं बाहेर. सापडल्या होत्या कित्येक वर्षांपूर्वी. सॅम्युएल शॅटक हा रंगारी. तो म्हणाला, बाई लेसचे इतके तोकडे तुकडे रंगवायला आणायची की ते कशासाठी वापरता येतील हेच कळत नव्हतं. आणखी कोणाच्या स्वप्नात ती रात्री आली होती, छातीवर बसली होती.

आणि त्याच दिवसाचा आणखी एक कागद आहे. एका वैद्याच्या हाताखाली बायकांच्या तुकडीने तिचं शरीर तपासलं. सैतानाला दूध पाजण्याची खूण अंगावर असते अशी समजूत होती. सकाळच्या तपासणीत खूण सापडली. तीन-चार तासांनी पुन्हा तपासलं तर काहीच नव्हतं. हे दोन्ही निष्कर्ष एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिले आहेत. लिहिणाऱ्याने काही लपवलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. सेलमच्या कागदांत लपवाछपवी फार थोडी आहे. सगळं टिपून ठेवलं आहे, तारीखवार, साक्षीदारवार. ब्रिजेटच्या सुटकेला पुरेल एवढं त्या दप्तरात पहिल्या दिवसापासून होतं. न्यायालयाने ते वाचलं, आणि तरी तिला दोषी ठरवलं.

सही करणाऱ्या माणसाला माथेफिरू म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. विल्यम स्टोटन १६५० साली हार्वर्डमधून पदवी घेऊन बाहेर पडला, पुढे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात शिकला. धर्मशास्त्राचा अभ्यासक, काही काळ प्रवचनकार. लग्न केलं नाही. लाच खाल्ल्याचा आरोप त्याच्यावर नाही. हार्वर्डला त्याने इमारत बांधायला पैसे दिले. त्याच्या नावाची इमारत तिथे आजही आहे. कोणी गावगुंड सही करून गेला असता तर समजून घेता आलं असतं. इथे शिकलेल्या, स्वच्छ, कष्टाळू माणसाने सही केली. त्याचा एक सिद्धांत होता: निर्दोष माणसाचं रूप घ्यायला देव सैतानाला परवानगी देणार नाही. तेव्हा मुलींना ब्रिजेटची आकृती दिसली असेल, तर ब्रिजेट सैतानाला सामील असलीच पाहिजे. एकदा हे गृहीत धरलं की पुढची प्रत्येक पायरी बिनचूक पडते. दुपारी खूण नाहीशी झाली तर तीही सैतानाचीच करणी.

न्यायासनावरच्या सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल हा त्यांच्यातलाच एक न्यायाधीश. कामकाजाच्या पद्धतीवर तो अतिशय नाराज होता आणि या पहिल्याच खटल्यानंतर तो न्यायालय सोडून गेला. मराठी माणसाला न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगून पुणं सोडणारे. सॉल्टनस्टॉलला त्या पंगतीत बसवता येत नाही. तो गेला, पण जाताना दरबारात उभं राहून काही बोलला नाही, आणि त्याच्या जाण्याने पुढची एकही फाशी थांबली नाही. पुढे त्याचीही आकृती दिसल्याची कुजबुज सुरू झाली. मी त्याला दोष देत नाही. पण त्याने आपली नापसंती कागदावर मांडून तो कागद गव्हर्नरसमोर ठेवला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ब्रिजेट पहिली होती. सप्टेंबर संपेपर्यंत एकोणीस जणांना फाशी झाली. म्हाताऱ्या जाइल्स कोरीने खटल्याला उत्तर द्यायचंच नाकारलं, म्हणून त्याला छातीवर दगड ठेवून चिरडून मारलं. आणखी काही जण तुरुंगातच मेले. रेबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची बाई. तिला ज्यूरीने निर्दोष ठरवलं होतं. स्टोटनने ज्यूरीला परत पाठवलं: बाई दुसऱ्या एका कैद्याला पाहून 'ही तर आमच्यातलीच' म्हणाली, त्याचा विचार केलात का? ज्यूरीचा प्रमुख थॉमस फिस्क याने तिला त्याचा अर्थ विचारला, ती गप्प राहिली, आणि निकाल फिरला. नंतर तिने कळवलं की मला कमी ऐकू येतं, मी दुःखात होते, मला काय विचारलं ते कळलं नाही. आणि 'आमच्यातली' म्हणजे आमच्यासारखीच कैदी. १९ जुलैला तिला फाशी दिलं.

नोकरीत असताना माझ्या टेबलावरून फाशीचं वॉरंट कधी गेलं नाही. मी दिवाणी बाजूला होतो. पण नमुना ठाऊक आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत ४२ क्रमांकाचा नमुना फाशीच्या अंमलबजावणीचा होता. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला हुकूम, अमुक इसमास मरेपर्यंत गळफास द्यावा, वेळ व ठिकाण, आणि शिक्षेची अंमलबजावणी झाल्याचा शेरा मारून वॉरंट न्यायालयाकडे परत पाठवावं. शेवटी न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाचा शिक्का. स्टोटनचं वॉरंट आणि हा नमुना शेजारी ठेवले तर सांगाडा एकच दिसतो, कारण दोन्ही इंग्लंडच्या कचेऱ्यांतूनच आले आहेत. फरक वॉरंटच्या आधी जे घडतं त्यात आहे. आपल्याकडे उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय सत्र न्यायालयाची फाशी अमलात येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, त्यानंतर दयेचा अर्ज. लोक या विलंबावर चिडतात, मी चिडलेली माणसं रोज ऐकत होतो. ब्रिजेट बिशपचा खटला २ जूनला, वॉरंट ८ जूनला आणि फाशी १० जूनला. तिथे विलंब नव्हता.

ऑक्टोबरअखेर फिप्सने ते खास न्यायालय मोडलं. जानेवारी १६९३ मध्ये नवीन न्यायालय बसलं, त्याचाही मुख्य स्टोटनच. आता आकृती दिसल्याची साक्ष चालणार नव्हती, त्यामुळे बहुतेक सगळे सुटले. तिघी दोषी ठरल्या. त्या तिघी आणि आधीच्या पाच अशा आठ जणांच्या फाशीच्या वॉरंटवर स्टोटनने तत्परतेने सही केली. फिप्सने ती फाशी रोखली. स्टोटन संतापला आणि न्यायासनावर बसायलाच तयार होईना. फिप्सने ही हकीकत इंग्लंडला लिहून पाठवली, म्हणून ती आज कळते. त्या आठांतलं एक नाव एलिझाबेथ जॉन्सन, धाकटी. तिच्याकडे मी परत येणार आहे.

स्टोटनने कधीही माफी मागितली नाही. त्याच्याच न्यायासनावर बसलेल्या सॅम्युएल स्यूअलने मागितली, आणि तो कागद मला वॉरंटहून मोठा वाटतो.

स्यूअलने १६९६ साली मुलं गमावली होती. मे महिन्यात मृत मुलगा जन्मला, डिसेंबरात लहानगी सारा गेली. सारा गेली त्याच सुमारास त्याचा मुलगा सॅम मॅथ्यूच्या शुभवर्तमानातला एक भाग लॅटिनमध्ये म्हणून दाखवत होता. त्यात सातवं वचन होतं: मला दया हवी, यज्ञ नको, याचा अर्थ तुम्हाला कळला असता तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरवलं नसतं. त्या वचनाने सेलमची शोकांतिका भयंकरपणे आठवली, असं स्यूअलने रोजनिशीत लिहिलं. १४ जानेवारी १६९७ हा प्रांतभर उपवासाचा दिवस पाळायचा ठरला होता. बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये पाद्री सॅम्युएल विलर्ड शेजारून जात असताना स्यूअलने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. विलर्डनी ती सगळ्यांसमोर वाचली. वाचन चालू असताना स्यूअल आपल्या जागी उभा राहिला, आणि संपल्यावर त्याने मान लववली.

चिठ्ठीत तो स्वतःचं नाव घेऊन सुरुवात करतो. सेलमच्या न्यायालयामुळे जो दोष लागला, त्यात माझ्या माहितीतल्या कोणाहूनही माझा वाटा जास्त आहे. त्याचा ठपका आणि लाज मी स्वतःवर घेऊ इच्छितो, माणसांची क्षमा मागतो. 'आमच्याकडून चुका झाल्या असतील तर' अशी पळवाट त्यात नाही. काळ वाईट होता, मुलींनी फसवलं, मुख्य न्यायाधीश ऐकत नव्हता, यातलं काही नाही. प्रांताचा कारभार तेव्हा स्टोटनच्याच हाती होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या उभं राहण्याची किंमत कळते.

फाशीच्या वॉरंटला नमुना असतो. समन्सला असतो, जप्तीला असतो, जामिनाला असतो. न्यायाधीशाने दिलेला निकाल चुकला, माणूस मेला, आणि आता त्याला ते सांगायचं आहे, याचा नमुना मी कुठल्याही अनुसूचीत पाहिलेला नाही. स्यूअलला तो स्वतः बनवावा लागला. म्हणूनच बहुधा तो देवळात वाचला गेला, कोर्टाच्या दप्तरात दाखल झाला नाही; तो राहिला त्याच्या रोजनिशीत. कोणी म्हणेल, घरातली प्रेतं मोजल्यावर त्याला देवाचं भय वाटलं, बाकी काही नाही. असेल. स्यूअलनेही चिठ्ठीत ते लपवलेलं नाही. पण मुलं त्या काळी घरोघर मरत होती आणि न्यायाधीश नऊ नेमले होते. उभा राहिला तो एकटा. ज्यूरीतल्या बारा जणांनी त्या सुमारास स्वतंत्र माफीपत्र सह्या करून दिलं, आणि त्यावर पहिलं नाव थॉमस फिस्क याचं आहे. रेबेका नर्सला प्रश्न विचारणारा तोच फिस्क.

१७११ साली प्रांताने कायदा करून बावीस जणांवरचा कलंक पुसला आणि वारसांना भरपाई दिली. त्या यादीत ब्रिजेट बिशप नाही. यादी आली होती ती कुटुंबांनी केलेल्या अर्जांवरून, आणि तिच्यासाठी अर्ज करायला कोणी आलं नव्हतं. अर्ज नाही म्हणून नाव नाही. असे कागद मी हाताळले आहेत आणि त्यामुळे हे वाचताना मला फार त्रास झाला. तिचं नाव घेऊन तिला निर्दोष म्हणणारा कायदा ३१ ऑक्टोबर २००१ ला झाला. तिच्यासोबत आणखी चार बायकांची नावं होती. ज्या जागी कॉर्विनने तिला नेलं, ती जागा प्रॉक्टर्स लेज नावाच्या खडकाळ उतारावर होती हे २०१६ मध्ये निश्चित झालं आणि पुढच्या वर्षी तिथे एकोणीस जणांच्या नावांचं स्मारक उभं राहिलं.

एलिझाबेथ जॉन्सनने मात्र अर्ज केला होता. ती वाचली, आणि १७११ च्या यादीत आपलं नाव नाही हे पाहून १७१२ साली तिने स्वतः विनंती केली की माझंही नाव घाला. त्यावर काहीच झालं नाही. २००१ च्या कायद्यातही ती राहून गेली. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेत आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्राच्या बाईंनी हा विषय दिला, मुलांनी कागदपत्रं वाचली, लोकप्रतिनिधींना पत्रं लिहिली, आणि डायना डिझोग्लिओ या राज्याच्या सिनेटरने ती मागणी उचलून धरली. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अर्थसंकल्पाच्या विधेयकाला दुरुस्ती जोडून तिचं नाव मोकळं केलं गेलं. अर्ज १७१२ चा, निकाल २०२२ चा.